जुन्या घराचे देणे

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. बांधताना माणसाची जी दमछाक होते, जी परीक्षा होते, ती त्यांनी अनुभवली होती. घर विकत घेण्याविषयी, त्यातही दुसऱ्याने वापरून जुने झालेले घर विकत घेण्याविषयी, त्या म्हणीत अवाक्षर नाही. बांधणाऱ्याला निदान आपण काय बांधतो आहोत हे ठाऊक असते. विकत घेणारा मात्र कागदावर सही करतो, किल्ली हातात घेतो आणि आपण काही चौरस मीटर जागेचे धनी झालो असे समजतो. जुने घर घेणारा माणूस खरोखर तेवढेच घेतो काय? या प्रश्नाचा विचार करायचा तर जपानकडे पाहावे. जुन्या सदनिकांचा प्रश्न आज तेथे जितका तीव्र आहे तितका क्वचितच अन्यत्र असेल. शिवाय त्या देशाने या प्रश्नाचे कायदे, हिशेब आणि दुःखे बऱ्याच प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली आहेत.

वयाला लागलेला भाव

काँक्रीटच्या बहुमजली इमारतीतील मालकीच्या सदनिकेला जपानी माणूस ‘मॅन्शन’ म्हणतो. हा शब्द इंग्रजीत सरदार-सावकारांच्या वाड्याला लावतात. जपानीत तो दोन खोल्यांच्या फ्लॅटलाही चालतो. 1956 साली तोक्योच्या योत्सुया भागात 28 घरांची एक इमारत उभी राहिली. खाजगी बांधकाम कंपनीने विकलेल्या अशा सदनिकांचा तो आरंभ मानला जातो. पुढे 1962 साली सदनिकांच्या मालकीचा कायदा झाला आणि मध्यमवर्ग या घरांकडे वळला. 2023 च्या अखेरीस देशात अशा सुमारे 70 लाख सदनिका होत्या. त्यांपैकी जवळजवळ 13 लाख 70 हजार सदनिकांनी वयाची चाळिशी ओलांडली होती, आणि हा आकडा वीस वर्षांत तिपटीहून अधिक होईल असा तेथील सरकारचाच अंदाज आहे.

जपानमध्ये घर म्हातारे होते म्हणजे काय, हे आकड्यांत सांगता येते. करआकारणीसाठी कायद्याने लाकडी घराचे आयुष्य 22 वर्षे आणि काँक्रीटच्या घराचे 47 वर्षे ठरविले आहे. हे आयुष्य केवळ हिशेबाच्या वहीतले आहे. नीट राखलेली काँक्रीटची इमारत याहून पुष्कळ अधिक टिकते. तरीही कागदावरचा आकडा हळूहळू माणसांच्या मनात उतरला. जमीन तेवढी खरी, तिच्यावरचे घर झिजणारी वस्तू, ही धारणा तेथे खोल रुजली. काही अभ्यासक तिचा संबंध भूकंपांशी आणि आगींशी जोडतात. काही जण इसे येथील देवस्थानाचा दाखला देतात. तेथील मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर नव्याने उभारतात. 2013 साली ही उभारणी बासष्टाव्यांदा झाली. 1212 साली कामो नो चोमेई या संन्याशाने ‘होजोकी’ हा लहानसा ग्रंथ लिहिला, त्याचा विषयही घराची नश्वरता हाच आहे. क्योतोतील आग, वावटळ, दुष्काळ आणि भूकंप पाहून हा माणूस अखेर सुमारे तीन मीटर लांबीरुंदीच्या झोपडीत राहायला गेला.

परंतु चोमेईचे वैराग्य आणि बाजाराचा घसारा यांत एक महत्त्वाचा फरक आहे. संन्यासी घराचा मोह सोडतो, तो घरावाचून जगायला तयार होतो म्हणून. बाजार घराचे मोल सोडतो, पण त्या घरात अजून कोणीतरी राहतच असते. पस्तीस वर्षे कर्ज फेडून ज्याने घर आपले केले, त्याला त्या फेडीच्या शेवटी सांगण्यात येते की तुझ्या घराची किंमत आता फारशी उरलेली नाही. नवा ग्राहक याच क्षणी दारात येतो. 2023 साली तोक्योच्या 23 विभागांतील नव्या सदनिकेची सरासरी किंमत 10 कोटी येनच्या वर गेली, तेव्हा सामान्य कुटुंबाची पावले जुन्या घराकडे वळली तर नवल नाही. परदेशी माणसालाही जपानमध्ये घर घेण्यास सहसा आडकाठी नाही. मात्र घर घेतल्याने देशात राहण्याचा परवाना मिळत नाही. येन घसरल्यापासून परदेशातून विचारणाऱ्यांची संख्याही वाढली. तोक्योच्या निशी-कासाई भागात स्थिरावलेल्या भारतीय, त्यांतल्या अनेक मराठी, कुटुंबांच्या घरीही ‘भाडे भरत राहावे की जुने घर घ्यावे’ ही चर्चा अपरिचित नाही.

खोली माझी, सांगाडा सर्वांचा

सदनिकेचा मालक कशाचा मालक असतो? दाराच्या आतल्या पोकळीचा, जमिनीवर अंथरलेल्या तातामीचा, भिंतीवरल्या रंगाचा. त्या भिंतीतले काँक्रीट, छप्पर, जिना, पाण्याची उभी नळवाहिनी आणि इमारतीखालची जमीन ही सर्वांची असते. शरीराची उपमा द्यायची तर त्वचा ज्याची त्याची, पण हाडे सामाईक. जपानी कायद्याने यातून एक रोखठोक निष्कर्ष काढला. सदनिका घेणारा प्रत्येक जण त्या इमारतीच्या मालकसंघाचा सभासद आपोआप होतो. अर्ज करावा लागत नाही आणि राजीनामाही देता येत नाही. घर आहे तोवर सभासदत्व आहे.

दुसरा निष्कर्ष याहून कठोर आहे. आधीच्या मालकाने देखभालीचे शुल्क किंवा दुरुस्तीनिधीचा हप्ता थकविला असेल, तर तो नव्या मालकाकडूनही वसूल करता येतो. मी तर काल आलो, हे कर्ज माझे नव्हे, असे म्हणण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. प्रथमदर्शनी हा अन्याय वाटतो. खोलात गेल्यावर मात्र यामागील नीतिविचार दिसतो. संपूर्ण इमारत कोणीतरी सांभाळली म्हणून तुझी खोली उभी आहे. जे सांभाळणे झाले त्याचा लाभ तू घेतोस, तर जे सांभाळणे राहिले त्याचे ओझेही तुझेच. घराचा लाभ घ्यायचा आणि त्याच्या इतिहासाचे देणे नाकारायचे, असे दोन्ही करता येत नाही.

निईगाता प्रांतातील युझावा हे स्कीइंगसाठी प्रसिद्ध असलेले बर्फाळ गाव हे सत्य फार ठळकपणे दाखविते. 1980 च्या दशकात, जमिनीचे भाव आकाशाला भिडले असताना, तेथे सुटीतल्या घरांच्या उंच इमारती रांगेने उभ्या राहिल्या. तेजीचा फुगा फुटला आणि पुढे त्यांतील काही सदनिका केवळ एक लाख येनला, म्हणजे शहरातल्या महिन्या-दीड महिन्याच्या भाड्याला, विकण्याची वेळ आली. घर इतके स्वस्त का, याचे उत्तर दर महिन्याच्या बिलात असते. किंमत जवळजवळ शून्य झाली तरी गरम पाण्याचे स्नानगृह, उद्वाहने, छपरावरचे बर्फ यांचा खर्च शून्य होत नाही. तेथे घर विकत घेणारा माणूस खरे तर एक कर्तव्य विकत घेतो, आणि ते कर्तव्य दुसऱ्याच्या गळ्यात टाकता यावे म्हणून आधीचा मालक जवळजवळ फुकट घर द्यायला तयार होतो.

उद्यावर ढकललेला भार

काँक्रीटची इमारत साधारणपणे दर बारा ते पंधरा वर्षांनी मोठी दुरुस्ती मागते. परांची बांधायची, भेगा बुजवायच्या, छपराला पाणी अडविणारा थर द्यायचा, गंजलेले नळ बदलायचे. त्यासाठी प्रत्येक घराने दरमहा निधी साठवायचा असतो. 2023 च्या सरकारी पाहणीत हा हप्ता सरासरी 13 हजार येन होता. आणि त्याच पाहणीत 36.6 टक्के संघांनी मान्य केले की आपल्या निधीत आराखड्याप्रमाणे पैसे जमलेले नाहीत.

ही तूट आळसामुळे पडली असे म्हणून चालणार नाही. नवी इमारत विकताना घर स्वस्त वाटावे म्हणून बांधकाम कंपन्या आरंभीचा हप्ता फार कमी ठेवीत आणि तो टप्प्याटप्प्याने वाढत जाईल असे कागदावर लिहीत. तरुण खरेदीदाराला आजचा हप्ता दिसे. वीस वर्षांनंतरचा दिसत नसे. हप्ता वाढविण्याची वेळ आली तेव्हा तोच खरेदीदार निवृत्त झालेला असे आणि सभेत हात वर करायला धजत नसे. या पायऱ्यांची चढण मर्यादित राहावी म्हणून 2024 साली सरकारला मार्गदर्शक सूचना द्याव्या लागल्या.

कोणी चोरी केली नाही, कोणी खोटे बोलले नाही. प्रत्येकाने आपापल्या काळातला भार थोडासा पुढच्या काळावर ढकलला, एवढेच. ज्याच्यावर भार पडणार तो सभेत हजर नव्हता, कारण तो अजून आलाच नव्हता. आपल्या नैतिक जीवनातील पुष्कळ अन्याय याच जातीचे असतात. अनुपस्थित माणसावर अन्याय करणे फार सोपे असते; तो तक्रार करीत नाही. जुने घर घेणारा ग्राहक हा असा काल अनुपस्थित असलेला माणूस आहे. घराची किल्ली घेताच तो उपस्थित होतो आणि त्याच्याही पुढे आणखी एक अनुपस्थित माणूस उभा असतो. आपल्यावर झालेले ढकलणे आपणही पुढे चालवायचे, की साखळी आपल्यापाशी थांबवायची, ही निवड त्याला करावी लागते. निधी वाढविण्याच्या ठरावावर मत देताना ती निवड होत असते, जरी सभेच्या इतिवृत्तात तिला ‘विषय क्रमांक तीन’ एवढेच नाव असले तरी.

दोन वार्धक्ये

जपानी लोक या साऱ्या प्रश्नाला ‘दोन म्हातारपणे’ असे म्हणतात: एक इमारतीचे, दुसरे तिच्यात राहणाऱ्यांचे. 1984 पर्यंत बांधलेल्या इमारतींत 2023 च्या पाहणीनुसार निम्म्याहून अधिक घरांत कुटुंबप्रमुखाचे वय सत्तर किंवा त्याहून अधिक होते. ज्या वयात इमारतीला सर्वांत अधिक पैसा आणि श्रम हवे असतात, त्याच वयात रहिवाशांपाशी दोन्ही कमी झालेले असतात.

मग मार्ग कोणता? पाडून नवी बांधावी, असे कोणीही म्हणेल. पण 2024 पर्यंत साऱ्या देशात अशी पुनर्बांधणी सुमारे तीनशेच ठिकाणी झाली होती. त्यांतली घरे चोवीस हजारांच्या आसपास. योत्सुयाची ती पहिली इमारत त्यांतलीच एक. 2017 साली ती पाडली आणि नवी इमारत उभी राहिली. आरंभीच्या काळात जुन्या इमारतीच्या जागेवर अधिक मजले चढविता येत, वाढीव घरे विकून खर्च भागे, आणि 1996 पूर्वीच्या पुनर्बांधण्यांत मालकाला सरासरी सुमारे 34 लाख येनच भरावे लागत. ती सोय असलेल्या जागा संपत गेल्या. 2017 ते 2021 या वर्षांत हाच भार सरासरी 1 कोटी 90 लाख येनच्या वर गेला. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला ही रक्कम म्हणजे घराबाहेर काढणारी नोटीसच होय.

पुनर्बांधणीसाठी कायद्याने पाचांतील चार मालकांची संमती आवश्यक ठेवली. ठराव झाला की विरोध करणाऱ्याचे घर बाजारभावाने विकत मागण्याचा अधिकार बहुमताला मिळतो. समजा, उद्वाहन नसलेल्या पाच मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर ऐंशी वर्षांची एक विधवा राहते. तिचे म्हणणे एवढेच की माझी जी काही वर्षे उरली ती मला याच खिडकीपाशी काढू द्या. खालच्या मजल्यावर दोन लहान मुलांचे आईबाप राहतात. ते म्हणतात, पुढच्या भूकंपात छप्पर आमच्या मुलांवर पडेल. या दोघांत अन्यायी कोण? मला तरी कोणीही दिसत नाही. म्हातारीच्या घराचे तिच्या दृष्टीने जे मोल आहे ते कोणत्याही बाजारभावात मावणारे नाही. पण तिच्या नकाराची किंमत दुसऱ्याची मुले मोजतात, हेही तितकेच खरे.

1995 च्या 17 जानेवारीला कोबे हादरले. 6434 माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर भेगाळलेल्या इमारतींत शेजारी-शेजारी वाद पेटले: दुरुस्ती करावी की पाडून नवे बांधावे? काही वाद न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. भूकंपाने इमारत हलविली. वादाने शेजार हलला. त्या अनुभवातून कायदे सुधारत गेले. 2025 साली जपानच्या संसदेने आणखी एक बदल केला. भूकंपाला न टिकणाऱ्या व तत्सम धोकादायक इमारतींसाठी चारांतील तीन मते पुरेशी ठरविली. ज्यांचा ठावठिकाणाच लागत नाही अशा मालकांना न्यायालयाच्या निर्णयाने मतमोजणीतून वगळण्याची तरतूद केली. या बदलांचा अंमल 2026 च्या एप्रिलपासून ठरला.

कायदा आवश्यक होता यात शंका नाही. तरीही मनात येते की मतांचे प्रमाण पाचांत चार असो वा चारांत तीन, उरलेल्या एकाविषयीचे आपले कर्तव्य ठरावाने संपते काय? बहुमताला निर्णय घेण्याचा अधिकार असतो. निर्णयानंतर पाठ फिरविण्याचा नसतो. म्हातारीला भाड्याचे घर शोधून द्यावे लागेल, आणि एकट्या वृद्धाला घर भाड्याने द्यायला जपानमध्ये अनेक घरमालक कचरतात. तिचे सामान बांधावे लागेल. ती ज्या शेजारणीशी रोज बोलत असे तिच्याजवळपास तिची सोय पाहावी लागेल. पाचांतल्या चारांनी हे केले नाही, तर त्यांचे बहुमत कायदेशीर राहील, पण नीतीच्या दृष्टीने ते अपुरे ठरेल.

कोणीच मालक नाही, तेव्हा

सर्वांचे ते कोणाचेच नाही, या आपल्याकडील कटू अनुभवाला शिगा प्रांतातील यासू या शहरात मूर्त रूप मिळाले. तेथे 1972 साली बांधलेली नऊ सदनिकांची एक तीन मजली इमारत ओस पडली. मालक विखुरले, संघ नावापुरताही उरला नाही. भिंत कोसळून आतील अॅस्बेस्टॉस उघडे पडले आणि वाऱ्यावर त्याचे घातक तंतू उडण्याचे भय निर्माण झाले. इमारत पाडायची तर नऊही जणांची संमती हवी, ती मिळेना. अखेर 2020 साली नगरपालिकेने आपल्या अधिकारात ती पाडली. खर्च आला सुमारे 11 कोटी 80 लाख येन. तो नऊ मालकांकडे मागण्यात आला. नऊने भागले तर प्रत्येकी सुमारे 1 कोटी 30 लाख येन, आणि हातात घर मात्र नाही.

तोक्योचा नाकागिन कॅप्सूल टॉवर याच्या अगदी उलट, जगप्रसिद्ध. वास्तुकार किशो कुरोकावा यांनी 1972 साली उभारलेल्या या वास्तूत 140 कॅप्सूल होत्या. प्रत्येक कॅप्सूल पंचवीसएक वर्षांनी काढून नवी बसवायची, म्हणजे इमारत कधी म्हातारी होणारच नाही, अशी कल्पना होती. एकही कॅप्सूल बदलली गेली नाही. एकेकट्या मालकाला ती बदलता येत नव्हती आणि सर्वांना मिळून ठरविता आले नाही. 2022 साली इमारत उतरविण्यात आली. रचना कितीही चतुर असो, माणसांनी एकत्र बसून निर्णय घेण्याला तिच्यापाशी पर्याय नसतो.

धोका कोणी पत्करायचा?

जुने घर पाहणाऱ्याला जपानमध्ये एक तारीख आधी सांगितली जाते: 1 जून 1981. 1978 च्या मियागी भूकंपानंतर बांधकामाचे नियम कडक झाले आणि ते या दिवसापासून लागू झाले. येथे महत्त्व बांधकामाच्या परवानगीच्या तारखेला आहे, इमारत पूर्ण झाल्याच्या नव्हे. म्हणून 1982 साली पुरी झालेली इमारतही जुन्या नियमांची असू शकते. जुन्या नियमांनुसार बांधलेल्या सदनिका आजही सुमारे दहा लाख आहेत. अशा घराची विक्री करताना किंवा ते भाड्याने देताना, भूकंपरोधक तपासणी झाली असेल तर तिचा निष्कर्ष मध्यस्थाने सांगावा असा नियम आहे. तपासणी करून घेतलीच पाहिजे असा मात्र नाही. त्यामुळे ‘तपासणी झालेली नाही’ एवढे तीन शब्द उच्चारले की कायद्याची भूक भागते.

सद्सद्विवेकाची भूक त्यावर भागते काय? जो स्वतः त्या घरात राहणार आहे त्याने स्वस्ताईच्या बदल्यात धोका पत्करला, तर तो त्याचा अधिकार आहे. निदान त्याचे डोके त्याच छपराखाली असते. जो ते घर भाड्याने देण्यासाठी घेतो त्याची गोष्ट निराळी. लाभ त्याचा, धोका भाडेकरूचा. आपण सहन करीत असलेला धोका आणि आपण दुसऱ्याला सहन करायला लावलेला धोका यांचे वजन एकच असले तरी नैतिक मूल्य एक नाही. तपासणीसाठी मालकसंघात आग्रह धरणे, निष्कर्ष प्रतिकूल आल्यास तो न लपविणे, एवढे तरी त्याने केले पाहिजे.

धोक्याप्रमाणे मृत्यूचेही मोल बाजाराने ठरविले आहे. ज्या घरात कोणी आत्महत्या केली, खून झाला, किंवा एकटे माणूस मरून बरेच दिवस कोणाला कळले नाही, अशा घराची किंमत उतरते. किती सांगावे आणि किती दिवस सांगावे यावर सरकारने 2021 साली मार्गदर्शक सूचना दिल्या. घरातला नैसर्गिक मृत्यू सांगणे सर्वसाधारणपणे आवश्यक नाही, असे त्यांत म्हटले आहे. ते योग्यच झाले. आपल्या अंथरुणावर शांतपणे मरणे हा घराला लागलेला डाग कसा होईल? परंतु पोलिसांच्या नोंदीनुसार 2024 साली जपानमध्ये 76 हजारांहून अधिक माणसे घरात एकटी असताना मरण पावली. त्यांतली 58 हजार पासष्टीच्या पुढची होती. स्वस्तात मिळालेल्या घराच्या किमतीत कधी कधी अशा एका एकाकी शेवटाचा हिशेब वजा झालेला असतो. ‘येथे काही घडले होते काय?’ असे ग्राहक विचारतो तेव्हा त्याला भाव हवा असतो. त्याच इमारतीत आज कोण एकटे राहते, हा प्रश्नही त्याने तितक्याच अगत्याने विचारावा, कारण त्याचे उत्तर बदलणे अजून त्याच्या हाती असते.

गुंतवणूक पाप आहे काय?

येथवर वाचून एखाद्याला वाटेल की जुने घर गुंतवणुकीसाठी घेणे हेच अनैतिक. तसे म्हणता येणार नाही. जपानमध्ये 2023 साली 90 लाख घरे रिकामी होती. जुन्या इमारतीला ग्राहकच मिळाला नाही, तर निधी आटतो, दुरुस्ती थांबते आणि यासूची पुनरावृत्ती होते. जुने घर घेणारा, त्याची डागडुजी करून एखाद्या कुटुंबाला योग्य भाड्याने देणारा माणूस समाजाचे काम करतो. त्याला नफा झाला म्हणून त्या कामाचे मोल कमी होत नाही.

परंतु नफा नेमका कशातून येतो, हे त्याने स्वतःला विचारले पाहिजे. करआकारणीच्या नियमानुसार 47 वर्षे उलटलेल्या काँक्रीटच्या घराची किंमत नवा मालक अवघ्या 9 वर्षांत खर्ची टाकू शकतो आणि त्यायोगे कर वाचवू शकतो. येथे घराचे म्हातारपण हेच लाभाचे साधन होते. कोणी भाडेकरूसकट घर घेतो. 1991 च्या कायद्याने जपानी भाडेकरूला बरेच संरक्षण आहे. सबळ कारणावाचून त्याचा करार संपविता येत नाही. अशा वेळी मालकाचा सारा हिशेब वृद्ध भाडेकरू केव्हा जाईल यावर बेतलेला असेल, तर तो कायद्याने निर्दोष राहूनही एका माणसाच्या जाण्याची वाट पाहत बसतो. ज्या नफ्यासाठी दुसऱ्याचे वाईट व्हावे लागते त्या नफ्याची इच्छा करणे म्हणजे नकळत त्या वाइटाची इच्छा करणे होय.

आणखी एक दोष आहे तो अनुपस्थितीचा. परदेशात किंवा दूरच्या शहरात राहणारा मालक सभेला येत नाही, पत्राला उत्तर देत नाही, मतपत्रिका पाठवीत नाही. त्याने कोणाचे काही बिघडविलेले नसते. पण पाचांतील चार मते जमविताना त्याचे मौन विरोधी मताइतकेच जड ठरते. ठावठिकाणा नसलेल्या मालकांसाठी न्यायालयाचा दरवाजा उघडावा लागला, यातच या मौनाची गंभीरता दिसते. घर म्हणजे शेअरचा कागद नव्हे, तो कपाटात ठेवून विसरता येत नाही. त्याच्या वर कोणी राहते, खाली कोणी राहते.

तेव्हा जुने घर घेऊ पाहणाऱ्याने, मग ते राहण्यासाठी असो वा भाड्यासाठी, तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. मालकसंघाच्या सभेत मी बसेन काय, किंवा निदान माझे मत वेळेवर पाठवीन काय? या छपराखाली माझ्या आईला मी निश्चिंतपणे झोपू देईन काय? आणि उद्या हे घर विकताना, मला जे कळले ते सारे मी पुढच्याला सांगेन काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर घर जुने असले तरी व्यवहार स्वच्छ आहे. एकही उत्तर अडखळत असेल, तर किंमत कितीही कमी असो, त्या घराचा खरा भाव दुसरे कोणीतरी मोजते आहे असे समजावे.

मालक या शब्दात आपल्याला नेहमी अधिकाराचा सूर ऐकू येतो. जुन्या इमारतीच्या जिन्यात तो शब्द थोडा खाली उतरतो. तेथे आपल्या आधी कोणी राहिले, त्यांनी जे राखले त्यावर आपण उभे आहोत. त्यांनी जे राखले नाही ते आपल्याला भरून काढायचे आहे. आणि आपल्यानंतर येणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नसले तरी त्याचे पाऊल याच पायरीवर पडणार आहे. ती पायरी तोवर धड राहावी, म्हणून दरमहा तेरा हजार येन आणि वर्षातून दोन-चार संध्याकाळी द्यायच्या, एवढे हे देणे आहे. ते मोठे नाही. मात्र ते चुकविले तर कोणाच्या वाट्याला येते, हे आपण पाहिले आहे.